मर्यादेच्या आत

भरतवाड्याच्या पुलाखाली नाग नदी
साबणाच्या फेसाची टोपी घालून येते.
पंपाचा काळा पाइप पाण्यात,
दुसरं टोक सुगंधाबाई लांजेवारांच्या पालकात.

मी बाटल्या भरते. सहा.
झाकणावर तारीख, वेळ,
आणि उगाचच: आभाळ ढगाळ.

बाई वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसलेल्या.
"काय निघते व माय यातनं?"
विशेष काही नाही मावशी.
यंत्र म्हणतं, मर्यादेच्या आत.
कॅडमियम, शिसं, क्रोमियम,
दशांशानंतर दोन शून्यं
आणि मग एक आकडा,
दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा, कडेला.

"मंग बरंच हाय," बाई म्हणतात,
आणि पिवळी पानं खुडत राहतात.
"हे बकरीले टाकतो मी."

प्रयोगशाळेच्या खिडकीत कांदे ठेवलेत,
बूड तेवढं पाण्याला टेकवून.
डावीकडे नळाचं पाणी, उजवीकडे नदीचं.
तिसऱ्या दिवशी मुळं मोजली.
नदीतली लांब.
पट्टी पुसून पुन्हा मोजली.
लांबच.

पिंपळापुरे सरांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
थोडं विष लागलं की झाड आधी हुशारतं.
दचकून उठतं, कड्या लावत फिरतं घरभर.
त्या धावपळीला आपण जोम म्हणतो.

म्हणूनच कॉटन मार्केटात
बाईंची जुडी सगळ्यांच्या आधी संपते.
पान कसं काळंभोर हिरवं, गिऱ्हाईक म्हणतं,
आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करत नाही.

सहाव्या दिवशी मुळांची टोकं तपकिरी,
विझलेल्या उदबत्तीसारखी.
काचपट्टीवर चिरडून पाहिलं:
पेशी दुभंगताना एक गुणसूत्र मधेच राहिलेलं,
बस सुटल्यावर थांब्यावर उरलेली
कुणाची तरी पिशवी.

पालकाला आकडे वाचता येत नाहीत.
जस्त समजून त्यानं दार उघडलं
आणि आत आलेलं जस्त नव्हतं.
आता परत पाठवायची सोय नाही.
मग तो गंधकाच्या बारीक साखळ्या विणत बसतो,
आलेल्याच्या हातापायांत अडकवतो,
ओढत नेतो पेशीतल्या त्या पाणथळ कोठीत
जिथे घरचं कुणी जात नाही.
काही जुन्या पानात भरतो,
आणि ते पान पिवळं पडू देतो.

विणायला सूत लागतं,
ते वाढीतूनच उसवलेलं.
म्हणजे कुठेतरी एक पान कमी येतं.
न आलेलं पान कसं मोजायचं?
तक्त्यात तसा रकाना नाही.
मी शोधला.

बकरीचंही कुणी विचारलं नाही.

निघताना बाईंनी एक जुडी हातात कोंबली.
मुळांसकट, चिखलासकट,
परवाच्या पेपरात गुंडाळून.
पैसे घेईनात.
"तू रोज येतं माया पोरीवानी," म्हणाल्या.
स्कूटीच्या हँडलला जुडी लटकत होती
पारडीच्या चौकापासून थेट महाराजबागेपर्यंत,
आणि सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलंच,
ताई, कुठून घेतला?

मी हिरवा दिवा लागल्याचं निमित्त केलं.

अहवाल लिहायला बसले.
नमुना क्रमांक, खोली, तापमान.
निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं: मर्यादेच्या आत.
मग 'मर्यादेच्या' खोडलं.
नुसतं 'आत' उरलं.

सर म्हणाले, हे चालणार नाही.
मलाही माहीत होतं.
मी दुसरा कागद घेतला.

टेबलाच्या कडेला बीकरमध्ये
जुडी उभी होती, पाणी पीत.
शिपायानं कुठल्या बाटलीतलं ओतलं होतं
ते मी पाहिलं नव्हतं.